एका पैशाची शिल्लक
विश्वाची तेरीज आणि प्रतिकणांचे वजन

व्यापारी घराण्यांत हिशोबाची एक जुनी शिस्त सांभाळली जाते. रात्री दुकान बंद करताना रोजमेळ जुळला पाहिजे. गल्ल्यात दहा रुपये कमी निघाले तर त्यांचा शोध घ्यावा लागतो, आणि दहा रुपये जास्त निघाले तरीही घ्यावा लागतो. जास्तीची रक्कम हीदेखील चूकच असते. कुणाची तरी जमा नोंदवायची राहिलेली असते किंवा कुणाला तरी देणे राहिलेले असते. कागलसारख्या बाजारपेठेच्या गावात किर्द-खतावणीचे काम आता बहुतांशी संगणकाकडे गेले आहे. तरी भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीत, नव्या वहीचे पूजन करताना मागची तेरीज जुळलेली असावी, हा आग्रह सुटलेला नाही.

भौतिकशास्त्राच्या दप्तरात आज अशीच एक जास्तीची रक्कम उभी आहे. शास्त्रज्ञांच्या समजुतीप्रमाणे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या आरंभीच्या प्रचंड उष्णतेत ऊर्जेतून कण निर्माण झाले. प्रत्येक कणाबरोबर त्याचा प्रतिकणही निर्माण झाला. जमेची एक नोंद झाली की नावेचीही एक व्हावी, तसे. कण आणि प्रतिकण एकमेकांना भेटले की दोघेही नष्ट होतात आणि त्यांची ऊर्जा मुख्यतः किरणांच्या रूपाने उरते. हा सारा व्यवहार तंतोतंत बरोबरीचा असता, तर दोन्ही बाजू एकमेकींत वळत्या होऊन खाते केव्हाच शून्यावर आले असते. तारे, पृथ्वी, समुद्र, मनुष्य यांपैकी काहीच उरले नसते.

प्रत्यक्षात काही उरले आहे. आकाशात सर्व दिशांना पसरलेल्या आदिम किरणांच्या मोजणीवरून असे अनुमान निघते, की शंभर कोटी प्रतिकणांमागे कणांची संख्या साधारण शंभर कोटी एक होती. एक कोटी रुपयांचे पैसे केले तर ते शंभर कोटी भरतात. म्हणजे कोटी रुपयांच्या उलाढालीत एक पैसा शिल्लक राहिला, आणि दिसणारे सारे विश्व त्या एका पैशावर उभे राहिले. हा पैसा कोठून आला, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. त्याच्या शोधात शास्त्रज्ञ आज एकेक प्रतिकण पकडून त्याचे वजन करीत आहेत.

कागदावरचा कण

प्रतिकणाची नोंद प्रथम कागदावर झाली. १९२८ साली केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे समीकरण मांडले. त्या समीकरणाला दोन प्रकारची उत्तरे निघत होती. एक प्रकार नेहमीच्या ऋणभारित इलेक्ट्रॉनचा. दुसऱ्याचा अर्थ लावता लावता १९३१ साली डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, परंतु धनभारित कण असला पाहिजे असे सांगितले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत तो कण आढळला. त्याचे नाव पॉझिट्रॉन. प्रोटॉनचा जोडीदार असलेला प्रतिप्रोटॉन मात्र १९५५ साली, कॅलिफोर्नियातील बर्कले येथील मोठ्या यंत्रावर सापडला.

या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. १९०९ साली मुंबईत जन्मलेले होमी भाभा पॉझिट्रॉनच्या शोधाच्या काळात केंब्रिजलाच होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले तर काय घडेल, याचे गणित त्यांनी केले. ते १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भाभांनी दाखवले, की या भेटीत दोन शक्यता एकत्र असतात. दोन्ही कण एकमेकांची दिशा बदलून पुढे जातील, ही एक. क्षणभर दोघेही नष्ट होऊन त्यांच्या ऊर्जेतून नवी जोडी जन्माला येईल, ही दुसरी. अखेरीस हाती येणारी जोडी जुनी की नवी हे सांगता येत नाही, म्हणून दोन्ही शक्यता हिशोबात एकदम धराव्या लागतात. प्रयोगांनी हे गणित खरे ठरवले. ही क्रिया आज जगभर भाभांच्या नावाने ओळखली जाते, आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या यंत्रांवर एकूण किती टकरी झाल्या हे मोजण्यासाठी ती प्रमाण वजनासारखी वापरली जाते.

पॉझिट्रॉन हा काही केवळ प्रयोगशाळेतला पाहुणा नव्हे. कर्करोगाच्या तपासणीसाठी ‘पेट स्कॅन’ करावा लागलेली माणसे आज पुष्कळ घरांत आहेत. पेट या नावातले पहिले अक्षर पॉझिट्रॉनचे आहे. तपासणीपूर्वी रुग्णाला शर्करेसारखे एक द्रव्य टोचतात. त्यातील किरणोत्सारी फ्लोरिन सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते आणि त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात. शरीरातील इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नष्ट होतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. त्या किरणांचा माग काढून यंत्र रोगाची जागा दाखवते. भारतात ही सोय प्रथम २००२ साली मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. कण आणि प्रतिकण एकमेकांत वळते होतात, ही गोष्ट अशा रीतीने रोज रुग्णालयांत घडत असते.

तीन आरसे

कण आणि प्रतिकण यांच्यातील नाते समजून घेण्यासाठी तीन आरशांची कल्पना करावी. पहिल्या आरशात कणाचा विद्युतभार उलटा दिसतो. म्हणजे कणाच्या जागी प्रतिकण येतो. दुसऱ्या आरशात डावे-उजवे बदलते. तिसऱ्या आरशात काळ उलटा वाहतो. चित्रपटाची फीत मागे फिरवावी तसा. निसर्गाचे नियम या प्रत्येक आरशात जसेच्या तसे दिसतील, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ श्रद्धा होती. या गुणाला ते सममिती म्हणतात.

ही श्रद्धा टप्प्याटप्प्याने ढळली. १९५७ साली किरणोत्सारी कोबाल्टवरील प्रयोगातून चिएन-शिउंग वू यांनी दाखवून दिले, की निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करतो. मग दोन आरसे एकत्र लावले तर तरी नियम टिकतील, असे मानले गेले. १९६४ साली क्रोनिन आणि फिच यांना केऑन नावाच्या कणांत तेही अगदी थोड्या प्रमाणात मोडलेले आढळले. तिन्ही आरसे एकत्र ठेवल्यावर मात्र नियम अबाधित राहतात, असे गणिताने सिद्ध केलेले प्रमेय आहे. भौतिकशास्त्राच्या आजच्या इमारतीचा तो पाया आहे. त्यातून एक सरळ निष्कर्ष निघतो: कण आणि त्याचा प्रतिकण यांचे वस्तुमान अगदी सारखे असले पाहिजे, आणि त्यांचा विद्युतभार तेवढाच पण उलटा असला पाहिजे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. कण आणि प्रतिकण यांच्या वजनात तिळाएवढाही फरक निघाला, तर हा पाया हलेल आणि शिल्लक पैशाचे रहस्य उलगडण्याची एक नवी वाट मिळेल. फरक निघाला नाही, तर पाया अधिक पक्का होईल आणि त्या पैशाचा शोध दुसरीकडे घ्यावा लागेल. म्हणून सिद्ध मानलेले प्रमेयदेखील पुन्हा पुन्हा तपासावे लागते. खातेदार कितीही विश्वासू असला तरी लेखापरीक्षक त्याची पावती पाहिल्याशिवाय पुढे जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

भिंती नसलेले भांडे

वजन करायचे तर वस्तू हाती धरावी लागते, आणि प्रतिकण धरणे हीच मोठी अडचण असते. कोणत्याही भांड्यात तो ठेवला तर भिंतीला स्पर्श होताच नष्ट होतो, कारण भिंत कणांचीच बनलेली असते. यावर उपाय म्हणून भिंती नसलेले भांडे तयार करण्यात आले. प्रबळ चुंबकक्षेत्रात विद्युतभारित कण गोल फिरत राहतो. वरून आणि खालून विद्युतक्षेत्राची झाकणे लावली की तो निसटत नाही. सापळ्यातील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून टाकतात आणि तो शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत थंड करतात. या रचनेला डच शास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांचे नाव मिळाले आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हान्स डेहमेल्ट यांनी या सापळ्यात एकेकटा कण ठेवण्याची किमया साधली. १९८४ साली एकच एक पॉझिट्रॉन त्यांच्या सापळ्यात तीन महिने राहिला. त्याचे त्यांनी प्रिसिला असे नावही ठेवले. १९८७ साली त्यांच्या गटाने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या चुंबकीय गुणाची तुलना प्रसिद्ध केली. फरक आढळला नाही. तुलनेची अचूकता किती होती, हे रुपया-पैशांत सांगायचे तर हजार कोटी रुपयांच्या हिशोबात साधारण दोन पैसे. १९८९ साली डेहमेल्ट यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

इलेक्ट्रॉनपेक्षा प्रोटॉनचे काम कठीण. प्रतिप्रोटॉन निर्माण करण्यासाठी वेगवान प्रोटॉन धातूच्या तुकड्यावर आदळवावे लागतात, आणि त्यातून निघणारे प्रतिप्रोटॉन इतके वेगवान असतात की सापळ्यात शिरण्यापूर्वी त्यांना शांत करावे लागते. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत त्यासाठी वेग कमी करणारी खास यंत्रे आहेत. अमेरिकेचे जेराल्ड गॅब्रिएल्स यांच्या गटाने १९८६ साली तेथे प्रथम प्रतिप्रोटॉन सापळ्यात पकडले. या विषयावर कादंबऱ्या आणि चित्रपट पाहून काहींना प्रतिद्रव्याच्या बॉम्बची भीती वाटते. वस्तुस्थिती अशी, की सर्नने आजवर निर्माण केलेले सारे प्रतिद्रव्य एकत्र करून जाळले, तरी विजेचा एक दिवा काही मिनिटेच जळेल.

एकच तराजू, एकच माप

सापळ्यातील कणाचे वजन करण्याची रीत मोजणीची आहे. चुंबकक्षेत्रात कण सेकंदाला किती फेऱ्या मारतो, हे त्याच्या भारावर आणि वस्तुमानावर ठरते. हलका कण जलद फिरतो, जड कण सावकाश. सर्नमधील ‘बेस’ या प्रयोगात प्रतिप्रोटॉन सेकंदाला सुमारे तीन कोटी फेऱ्या मारतो. त्याच सापळ्यात प्रोटॉन किती फेऱ्या मारतो हे मोजले की तुलना पूर्ण झाली, असे वाटेल. पण प्रोटॉनचा भार उलटा आहे. त्याला धरण्यासाठी सापळ्यातील विद्युतक्षेत्र उलटे करावे लागते, आणि क्षेत्र उलटे करताना त्यात अगदी बारीक फरक पडतो. म्हणजे दोघांची वजने दोन निरनिराळ्या तराजूंवर झाल्यासारखे होते.

ही अडचण शास्त्रज्ञांनी फार सुंदर रीतीने सोडवली. सुट्या प्रोटॉनऐवजी त्यांनी दोन इलेक्ट्रॉन बाळगणारा हायड्रोजनचा आयन घेतला. त्याच्या मध्यभागी प्रोटॉनच असतो, पण दोन इलेक्ट्रॉनांमुळे त्याचा एकूण भार प्रतिप्रोटॉनसारखाच ऋण होतो. आता तराजू उलटा करण्याची गरज राहत नाही. दोन इलेक्ट्रॉनांचे वजन अत्यंत अचूक ठाऊक आहे. बारदानाचे वजन वजा करून मालाचे निव्वळ वजन काढावे, तसे ते वजा केले की प्रोटॉनचे वजन हाती येते.

जैन वाचकाला या रीतीत एक ओळखीची गोष्ट दिसेल. आचार्य उमास्वामी, ज्यांना श्वेतांबर परंपरा उमास्वाती म्हणते, त्यांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान हा एक आहे. घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे ठेवणे हा तो दोष. शास्त्रज्ञ एकच तराजू वापरण्याचा हट्ट धरतो तो सत्य कळावे म्हणून. व्यापाऱ्याने तो धरायचा तो दुसऱ्याचे आपल्याकडे येऊ नये म्हणून. हेतू निराळे, पण माप सारखे ठेवण्याची कसोटी एकच.

या तुलनेची अचूकता वर्षागणिक वाढत गेली. १९९९ साली गॅब्रिएल्स यांच्या गटाने प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांचे भार-वस्तुमान गुणोत्तर जुळवले, तेव्हा हजार कोटी रुपयांत ९० पैशांपर्यंतची शंका शिल्लक होती. २०१५ साली बेसने ती ६९ पैशांवर आणली. २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ती १६ पैशांवर आली. त्यासाठी सुमारे दीड वर्षाच्या काळात २४,००० तुलना करण्यात आल्या. फरक आढळला नाही.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मायक्रॉन हे माप रोजच्या बोलण्यातले आहे, म्हणून त्या भाषेतही हे सांगता येईल. कागलपासून मुंबईचे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. ते वरील अचूकतेने मोजले, तर चूक सहा-सात मायक्रॉनची निघेल; डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा. चुंबकीय गुणाची तुलना याहून अवघड असते. तीही बेसने २०१७ साली कोटी रुपयांत दीड पैशाएवढ्या शंकेपर्यंत आणली. त्याच प्रयोगशाळेत काही प्रतिप्रोटॉन ४०५ दिवस सापळ्यात सुखरूप राहिले होते.

प्रतिअणू खाली पडतो

सर्नमधील ‘अल्फा’ नावाचा दुसरा गट याही पुढे गेला. प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन एकत्र आणून त्याने हायड्रोजनचा प्रतिअणू तयार केला. २०१० साली असे ३८ प्रतिअणू सापळ्यात राहिल्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षी ते १,००० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून अधिक काळ टिकवता आले. मग लेसरच्या प्रकाशाने या प्रतिअणूची परीक्षा घेतली गेली. साधा हायड्रोजन ज्या रंगाचा प्रकाश शोषतो, तोच रंग प्रतिहायड्रोजनही शोषतो का? २०१८ साली उत्तर मिळाले, की हजार कोटींत दोन पैशांच्या अचूकतेपर्यंत दोघांचा रंग एकच आहे.

सामान्य माणसाच्या मनात येणारा प्रश्न अजून बाकी होता. प्रतिद्रव्य हातातून सोडले तर खाली पडेल की वर जाईल? सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाने उत्तर दिले. उभ्या सापळ्याचे चुंबकीय बंध हळूहळू सैल करताच बहुतेक प्रतिअणू खालच्या बाजूने बाहेर पडले. प्रतिद्रव्य खालीच पडते. ते नेमके तेवढ्याच वेगाने पडते का, हे अधिक बारकाईने मोजण्याचे काम पुढे आहे.

जेथे तफावत सापडली

सापळ्यांतील पारडी आजवर समतोल राहिली आहेत. तफावत सापडली ती अल्पायुषी कणांच्या मोडण्याच्या रीतीत, आणि त्या शोधात मुंबईच्या शास्त्रज्ञांचा हात आहे. भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज कुलाब्यात आहे. जपानमधील त्सुकुबा येथील ‘बेल’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगात ती सहभागी होती. तेथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून बी-मेसॉन नावाचे कण आणि त्यांचे प्रतिकण निर्माण केले जात. २००१ साली बेलने आणि अमेरिकेतील तशाच एका प्रयोगाने दाखवले, की हे कण आणि प्रतिकण सारख्या रीतीने मोडत नाहीत. कोबायाशी आणि मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धांताला त्यामुळे पुष्टी मिळाली, आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगाच्या दुसऱ्या पर्वासाठी कणांचा माग काढणाऱ्या सिलिकॉन यंत्रणेचा चौथा थर उभारण्याची जबाबदारी मुंबईच्या गटाने पार पाडली आहे.

२०२५ साली सर्नमध्ये, प्रोटॉनप्रमाणे तीन क्वार्कांनी बनलेल्या एका जड कणाच्या बाबतीतही सुमारे अडीच टक्क्यांचा असा भेद प्रथमच आढळला. तिन्ही आरशांचे प्रमेय याने मोडत नाही. मोडतात ते दोन आरसे. हे सारे भेद एकत्र धरले तरी त्यांच्यातून विश्वाच्या त्या एका पैशाचा हिशोब लागत नाही. ते कित्येक पटींनी अपुरे पडतात. खाते अजून उघडेच आहे.

अशा वेळी आपल्या प्राचीन ग्रंथांत हे आधीच सांगितले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गल परमाणूंचा बंध स्निग्ध आणि रूक्ष या गुणांनी होतो असे म्हटले आहे, आणि धन-ऋण विद्युतभारांशी त्याचे साम्य अनेकदा दाखवले जाते. साम्य मनोरंजक आहे; पण आचार्यांचे प्रयोजन जीवाच्या मोक्षमार्गाचे होते, फेऱ्या मोजण्याचे नव्हते. ग्रंथाचा मान राखण्यासाठी त्याच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का मारण्याची गरज नाही. त्या परंपरेने शिकवलेला विवेक, दिसले तेवढेच सांगण्याचा संयम, या कामात अधिक उपयोगी आहे.

तो संयम या शास्त्रज्ञांच्या अंगीही दिसतो. चाळीस वर्षे फरक सापडला नाही म्हणून त्यांनी वजन करणे थांबवले नाही, आणि प्रसिद्धीसाठी फरक काढूनही दाखवला नाही. सर्नच्या दालनात शेजारच्या यंत्रांची चुंबकक्षेत्रे सतत हेलकावत असतात आणि तराजूचा काटा त्यामुळे थरथरतो. म्हणून बेसच्या गटाने सापळाच उचलून शांत जागी नेण्याचे ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० प्रोटॉन असलेला एक सापळा ट्रकवर ठेवून सर्नच्या आवारातील रस्त्यांवरून फिरवण्यात आला. एकही प्रोटॉन सांडला नाही. ही तालीम प्रतिप्रोटॉनांसाठी होती. सोळा पैशांची शंका एक पैशाच्याही खाली आणायची, तर वजन बाजाराच्या गलबल्यापासून दूर नेऊन करावे लागणार आहे.